ताई, गाडी तापती कवा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते. जेवण आटोपून मी जरा आडवी झाले होते, तोच मुलीचा फोन आला. ती, जावई आणि दोन नातवंडे गुहागरहून पुण्याला परत निघाली होती. चिपळूण मागे पडून कुंभार्ली घाट निम्मा चढून झाला होता. फोनवर वाऱ्याचा आवाज, मागे धाकट्याचे रडणे आणि त्यातून तुटक तुटक येणारे तिचे शब्द, "आई, गाडीत लाल दिवा लागलाय. थर्मामीटरसारखं चित्र आहे. बॉनेटमधून वाफ येतेय. काय करू?"

घाटातली रेंज कधी जाईल याचा नेम नसतो. मी भराभरा सांगून टाकले, "गाडी कडेला घे. एसी बंद, इंजिन बंद. मुलांना रस्त्यापासून लांब, सावलीत उभं कर. वाफ थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. आणि हे बघ, झाकणाला हात लावायचा नाही. तास गेला तरी चालेल, पण झाकणाला हात..."

फोन तुटला. शेवटचे शब्द मी इतक्या मोठ्याने ओरडले होते की पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेले हे उठून दारात आले. काय झाले, असे त्यांनी विचारले. कुठल्या झाकणाला, असे मात्र विचारले नाही. आमच्या घरात त्या झाकणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सांगितली मात्र ती आम्ही आजवर कुणाला नाही.

१९९१ साली आम्ही एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. बँकेच्या अधिकाऱ्यांना वाहनासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळे, त्यातून. आजच्या मुलांना पद्मिनी म्हटले की फार तर मुंबईची काळीपिवळी टॅक्सी आठवते. त्यातली शेवटची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. गाडी मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले, तरी आपण सगळे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिलो. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पाच माणसांसाठी केलेल्या जागेत सात माणसे, एक पाण्याची कळशी आणि लाडवांचा डबा.

कळशी पिण्याच्या पाण्याची नव्हे. ती गाडीची. कारण घाटात तापणे हा फियाटचा स्वभावच, असे सगळेजण धरून चालत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कात्रज, खंबाटकी, खंडाळा, कुठल्याही घाटात पाहा, दर वळणावर एखादी गाडी बॉनेट वर करून उभी. चाकामागे दगड. पुरुषमंडळी इंजिनात डोकावताहेत, बायका मुलांना रस्त्यावरून मागे ओढताहेत, कोणीतरी कॅन घेऊन पाणी शोधायला गेले आहे. पाणी घातले, पाचदहा मिनिटे थांबले, की गाडी पुन्हा चालू. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. एखाद्या घरात आजोबांना राग येतो हे जसे सगळ्यांनी मान्य केलेले असते आणि त्यांना राग का येतो हे कोणी विचारत नाही, तशातलाच हा प्रकार होता.

आमची गाडी पहिल्यांदा तापली १९९२च्या दिवाळीत, कात्रजच्या घाटात. आम्हीही सगळे करतात तेच केले. दहा मिनिटे थांबून, हात लांब ठेवून, फडक्याने झाकण काढले आणि तापलेल्या इंजिनात गार पाण्याची कळशी रिकामी केली. गाडी चालू झाली. यांनी नाना पेठेतून एक तापमानाचा काटा आणून डॅशबोर्डखाली बसवून घेतला, आणि त्या दिवसापासून माझा अर्धा जीव त्या काट्यात गुंतून राहिला.

मग सुरू झाल्या दुरुस्त्या. पहिल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. "मॅडम, हे थंड देशांसाठी असतं, आपल्याकडे त्याचं काय काम?" दुसऱ्याने रेडिएटर उतरवून नळ्यांत सळ्या घालून साफ केला. तिसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. प्रत्येकाने काम झाल्यावर गाडी चालवून दाखवली, आणि प्रत्येक वेळी गाडी गावात मुळीच तापली नाही. पुढच्या घाटात काटा पुन्हा लाल. बँकेतल्या सवयीने मी या सगळ्याची एका वहीत नोंद ठेवत होते. तारीख, कुठे तापली, गाडीत किती माणसे होती, किती पाणी घातले, खर्च काय झाला. वही भरत होती आणि आजार तसाच होता. तिघांपैकी एकानेही ती वही पाहायला मागितली नाही. मीही दाखवली नाही. मेकॅनिकला त्यातले काय कळणार, असे मला वाटत असावे.

मे १९९३. वाईला माझ्या मावसबहिणीचे लग्न होते. मुहूर्त सकाळी अकरा बेचाळीसचा. हे जळगावला दौऱ्यावर होते, तिथून रात्रीच्या एसटीने परस्पर वाईला पोचणार होते. पुण्याहून मी, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे निघालो. गाडी मी चालवत होते. निघायलाच उशीर झाला. कात्रजला काटा चढला, थांबलो, पाणी घातले. शिरवळ सोडून पुढे गेलो तर काटा पुन्हा लाल आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. पुढे खंबाटकीचा चढ होता. तेव्हा तिथे बोगदा नव्हता, येणारी-जाणारी सगळी वाहने एकाच घाटाने जात. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

रस्त्याच्या कडेला पत्र्याचे एक गॅरेज दिसले. मिस्त्री सामान आणायला शिरवळला गेले होते. गॅरेजात बारा-तेरा वर्षांचा एक पोऱ्या होता. मिस्त्रींचा भाचा, सुट्टीला मामाकडे आलेला. तो म्हणाला, "मामा अर्ध्या तासात येतील. गाडी निवू द्या." तो अगदी बरोबर बोलत होता. मी म्हणाले, "अरे, अर्धा तास कुठला? अक्षता पडायच्या आत पोचायचंय. तू नुसतं झाकण उघड आणि पाणी घाल. मी आहे ना."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने फडके घेतले आणि झाकण फिरवले.

पुढचे दोनतीन क्षण मला आवाजानेच आठवतात. आधी फुसकारा, मग माणसाच्या उंचीइतका उडालेला उकळत्या पाण्याचा फवारा, आणि मग त्या पोराची किंकाळी. उजवा हात कोपरापर्यंत आणि गळ्याखालचा थोडा भाग भाजला. चेहरा त्याने वळवला होता म्हणून डोळे वाचले. आजूबाजूची माणसे धावली. कोणी टूथपेस्ट लावा म्हणाले, कोणी शाई आणा म्हणाले. सासूबाई मात्र काही न बोलता गाडीतून उतरल्या, रेडिएटरसाठी भरून घेतलेला पाण्याचा कॅन उचलला आणि त्या पोराच्या हातावर बारीक धार धरून राहिल्या. कॅन संपला, तेव्हा दुसरा मागितला. खंडाळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पाणी ओतलंत हे फार चांगलं केलंत. भाजल्यावर पहिली वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बाकी काही नाही."

मग त्यांनी विचारले, "तापलेल्या गाडीचं झाकण उघडायला सांगितलं कोणी?"

मी गप्प राहिले. पोरगा म्हणाला, "मीच उघडलं." माझी मुलगी माझा पदर धरून उभी होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तरीही गप्प राहिले.

त्या लग्नाच्या फोटोंत आम्ही चौघे नाही. गाडी गॅरेजात सोडून एसटीने संध्याकाळी वाईला पोचलो, तेव्हा वऱ्हाड परत निघाले होते.

दहा दिवसांनी, एका रविवारी, मी एकटीच स्वारगेटहून एसटीने त्या गॅरेजवर गेले. पोऱ्या पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून बाकावर बसला होता. त्याची आई गावाहून आली होती. ती एवढेच म्हणाली, "हात वाचला पोराचा. बास झालं." मी आणलेला खाऊ तिने घेतला, माझ्या हातात चहाचा कप दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. मी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितले, की झाकण उघडायला मीच सांगितले होते, तो नको म्हणत होता.

मिस्त्री हात पुसत होते. म्हणाले, "मला ठावं हुतं ताई. गिऱ्हाइकानं घाई केल्याबिगर त्यो झाकणाला हात लावत न्हाई. पर मीबी त्याला येकला सोडाय नको हुतं." मग थोडे थांबून, जणू तो विषय तिथे संपला अशा आवाजात त्यांनी विचारले, "आता मला सांगा ताई, गाडी तापती कवा?"

गाडीला त्यांनी दहा दिवसांत हातही लावला नव्हता. "तुमास्नी इचारल्याबिगर कसं खोलायचं?" असे त्यांचे म्हणणे. मी पर्समधून वही काढली.

त्या दुपारी मिस्त्रींनी मला जे शिकवले, ते पुढे मी पुस्तकांत वाचले आणि कितीतरी गाड्यांवर पडताळून पाहिले. त्याचे सार असे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी चाकापर्यंत पोचतो तो भाग लहानच. साधारण एक तृतीयांश उष्णता धुरावाटे जाते आणि जवळजवळ तेवढीच पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप पाणी फिरवतो, रेडिएटर ते निववतो, पंखा वारा देतो, थर्मोस्टॅट नावाची मेणावर चालणारी छोटी झडप पाणी ऐंशी-नव्वद अंशांना पोचले की रेडिएटरची वाट उघडते. या साखळीत कुठेही खोट आली, तरी डॅशबोर्डवरचा काटा एकच भाषा बोलतो, लाल. ताप म्हणजे आजार नव्हे, हे घरात मूल वाढवलेल्या कोणालाही सांगायला नको. तापाचे औषध देण्याआधी डॉक्टर विचारतात, कधी येतो? संध्याकाळी येतो का? थंडी वाजून येतो का? मिस्त्रींनी तेच विचारले.

"गावात, गर्दीत तापती का?" मी वही पाहिली. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर तासभर मुंगीच्या पावलांनी गेलो होतो, काटा हलला नव्हता. मिस्त्री म्हणाले, "मग पंखा आन बेल्ट बरा हाय." गाडी उभी किंवा सावकाश असते तेव्हा बाहेरचा वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. गर्दीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते. उलट, वेगात किंवा चढावर तापणारी गाडी सांगते की वारा भरपूर आहे, पण पाणी पुरेसे फिरत नाही, किंवा पुरेसे पाणीच उरलेले नाही, किंवा उष्णता नको त्या वाटेने पाण्यात शिरते आहे. आमची गाडी या दुसऱ्या जातीची होती.

"पाणी कमी हुतं का?" दर वेळी लिटरभर. "खाली डाग पडतो का?" नाही. घराच्या फरशीवर पाण्याचा टिपूस कधी दिसला नव्हता. म्हणजे पाणी जात होते, पण गळत नव्हते. "सकाळी धूर कसा असतो?" पांढरा, थोडा वेळ. हे मी वहीत लिहिले नव्हते. थंडीचा असेल असे वाटले होते. पण मे महिन्यातही तो होताच.

मग त्यांनी थंडगार गाडीचे झाकण काढले, रेडिएटर काठोकाठ भरला आणि मला इंजिन चालू करायला सांगितले. मी उतरून येऊन पाहिले तर पाण्यातून बुडबुडे येत होते. सुरुवातीला अडकलेली हवा निघते तसे चार-दोन नव्हेत, एकसारखे. अॅक्सिलरेटर दाबला की जास्त. पाणी तर अजून कोमटही झाले नव्हते. "ही उकळी न्हाई ताई. ह्यो धूर हाय. इंजिनातला जाळ पाण्यात शिरतोय." त्यांनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले. तीन काळपट होते. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग घासून धुतल्यासारखा स्वच्छ. त्या सिलिंडरात पाणी जात होते आणि वाफ होऊन प्लग धुऊन काढत होते. हेडचे गॅस्केट तिथे उडाले होते.

हेड उतरवून त्यावर त्यांनी पोलादी पट्टी उभी धरली आणि मला खाली वाकून पाहायला लावले. पट्टीखालून, मधोमध, उजेडाची एक केसासारखी रेघ दिसत होती. इंजिनाचा खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बेताचे तापले तर ती ओढाताण गॅस्केट सोसते. भलतेच तापले आणि वरून कोणी गार पाण्याची कळशी ओतली, तर हेड वाकडे होते, कधी तडकते. ती केसासारखी रेघ कात्रजच्या घाटात आम्ही दिवाळीत ओढली होती. त्यानंतर रेडिएटर साफ करून आणि पंप बदलून काय होणार होते?

"पर दिवाळीला पहिल्यांदा का तापली, ते ऱ्हायलंच," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी ते झाकण हातात घेतले. घरात कुकर वापरणारीला हे झाकण समजावून सांगावे लागत नाही. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते, कुकरमध्ये दाबाखाली ते एकशे वीसपर्यंत जाते. रेडिएटरचे झाकणही स्प्रिंग आणि रबराच्या जोरावर दाब धरून ठेवते, म्हणून शंभराच्या वर गेलेले पाणीही उकळत नाही. आणि म्हणूनच ते झाकण गरम असताना उघडायचे नसते. दाब गेला की ते सगळे पाणी एकदम उकळते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. आमच्या झाकणाचे रबर दगडासारखे कडक झाले होते, स्प्रिंग सैल. चढावर पाणी लवकर उकळायचे आणि बाजूच्या नळीतून थोडे थोडे रस्त्यावर सांडायचे. धावत्या गाडीतून पडलेल्या पाण्याचा डाग घराच्या फरशीवर कुठून दिसणार? पाणी कमी झाले म्हणून गाडी तापली. तापली म्हणून आम्ही गार पाणी ओतले. ओतले म्हणून हेड वाकले. सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात झाली होती, आणि तिच्याकडे तिघांपैकी कोणी पाहिले नव्हते.

मिस्त्रींनी हेडचे फेसिंग करून आणले, नवे गॅस्केट घातले, नवे झाकण बसवले. काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवा घातला. बसवण्याआधी तो चहाच्या पातेल्यात पाण्यात सोडून स्टोव्हवर ठेवला आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत त्याची झडप कशी हळूहळू उघडते, ते मला आणि पोऱ्याला दाखवले. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन धड तापतच नाही आणि झिजते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला बगल देऊन आतल्या आतच फिरत राहते आणि गाडी जास्तच तापते. पोऱ्या डाव्या हाताने पातेले धरून बसला होता. उजवा अजून पट्टीत होता. मिस्त्रींनी कामाचे पैसे घेतले ते नेहमीचेच, एक रुपया जास्त नाही. दवाखान्याचे बिल मी दिले, ते त्यांनी देऊ दिले. त्यानंतर ती गाडी आमच्याकडे सहा वर्षे होती. घाटात पुन्हा तापली नाही.

बँकेतही मी तेव्हापासून जरा वेगळी वागू लागले असावे. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२-९३पासून थकीत कर्जांची नव्याने मोजदाद सुरू झाली होती. त्याआधी खाते थकले की नवे कर्ज मंजूर करून जुने भागवायचे आणि खाते कागदावर निर्मळ करायचे, हा उपाय मी पाहिला होता आणि एकदोनदा केलाही होता. तापलेल्या इंजिनात पाणी ओतण्यासारखेच ते. भोसरीच्या एका लहान कारखानदाराचे खाते वारंवार थकत असे. त्याला मी पहिल्यांदा वसुलीची नोटीस न देता विचारले, "थकतं कधी?" दर वर्षी मार्चमध्ये. कारण त्याचा मोठा गिऱ्हाईक त्याच महिन्यात देणी अडवून ठेवी. हप्त्याच्या तारखा बदलल्या आणि खाते सुधारले. असे सगळ्यांचे झाले नाही. काही खात्यांचे गॅस्केट केव्हाच उडालेले होते. पण तेही आधी विचारले तरच कळते.

आताच्या गाड्या फियाटपेक्षा शहाण्या आहेत. पंखा बेल्टवर नसून विजेवर चालतो, पाण्यात कूलंट मिसळलेले असते, त्यामुळे ते लवकर उकळत नाही आणि आतून गंज चढत नाही. बॉनेटखाली एक पारदर्शक टाकी असते, तिच्यावर किमान-कमाल अशा दोन रेघा असतात. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना त्या रेघांकडे पाहणे एवढे काम घरातला दहावीतला मुलगाही करू शकेल. काट्यावर मात्र फार विसंबू नये. कित्येक गाड्यांत आता काटाच नसतो, नुसता दिवा असतो. ज्यांत आहे त्यांतही तो बराच वेळ मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो. आणि एक गोष्ट तर उलटीच आहे. पाणी पूर्ण संपले तर तापमान मोजणारा भाग कोरडा पडतो आणि काटा एकदम खाली येऊ शकतो. लाल झालेला काटा अचानक उतरला तर 'सुटलो' म्हणू नये, ताबडतोब थांबावे.

आता कुंभार्ली घाटात परत जाऊ. वीस मिनिटांनी मुलीचा पुन्हा फोन आला. मी विचारले, "तापली कधी? खाली सपाटीवर काही होतं?" नाही, चढ लागल्यावर, एसी चालू असताना. "पंखा फिरत होता?" हो, इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत होता. मी म्हणाले, म्हणजे पंखा ठीक आहे, पण त्याच्याजवळ बोटे नेऊ नका, तो आपोआप पुन्हा सुरू होऊ शकतो. "खाली ओलं आहे?" आहे, हिरवट पाणी, पुढच्या बाजूला. वाफ थांबल्यावर जावयांनी वाकून पाहिले. वरच्या होज पाईपची पट्टी सैल होऊन तिथून पाणी गेले होते. एवढेच होते.

तासाभराने सगळे हाताला गार लागल्यावर त्यांनी झाकण उघडले, एका ट्रकवाल्या दादांकडून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पट्टी आवळली, पिण्याच्या बाटल्यांतले पाणी हळूहळू भरले आणि सावकाश कोयनानगरला पोचले. पुण्याला आल्यावर गाडी दाखवून घे, हेड तपासून घे, साध्या पाण्याच्या जागी कूलंट भरून घे, असे मी बजावले. तिने ते केले. तासभर रखडल्यामुळे नातवाचा संध्याकाळचा क्लास बुडाला, त्याची कोणी खंत केली नाही.

रात्री घरी पोचल्यावर तिने फोन केला. मी पुन्हा तेच सुरू केले, की घाई करून झाकण उघडले नाहीत हे बरे केलेत. ती मला मध्येच थांबवत म्हणाली, "आई, झाकणाचं मला सांगावं लागत नाही गं. त्या दिवशी मी तिथे होते ना."

मग दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही. तीस वर्षांत त्या दवाखान्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. मी तिला सांगितले, की दहा दिवसांनी मी परत गेले होते आणि मिस्त्रींना खरे काय ते सांगितले होते. तिला हे ठाऊक नव्हते. रविवार होता, मी शाखेत काम आहे म्हणून सांगून घराबाहेर पडले होते.

"आणि तो मुलगा?" तिने विचारले.

हात बरा झाला, एवढे मला माहीत आहे. कोपराखाली चकाकत्या कातडीचा एक पट्टा राहिला. पुढची तीनचार वर्षे मे महिन्यात तो गॅरेजवर दिसे, दर वर्षी वीतभर उंच झालेला. मला पाहिले की हसे आणि काही न विचारता आधी झाकणावर हाताचा पंजा ठेवून बघे, गार आहे का. मग रस्ता रुंद झाला, आमची गाडी विकली गेली, आणि एकदा पाहते तो गॅरेजच्या जागी मुरूम टाकलेला. मिस्त्री कुठे गेले, ते आजूबाजूला कोणाला सांगता आले नाही.

मुलीला मी एवढेच सांगितले. ती म्हणाली, "पुढच्या सुट्टीत तिकडून जाऊ. विचारून बघू."